वरून निळा, मग हिरवा, मग लाल (प्रकल्प नोंदी, ठाणे)

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

गणपतीत काकांकडे सगळे जमलेलो तेव्हा चुलतभावाने आजीचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो कुठल्यातरी अ‍ॅपमधून कलर करून दाखवला, आजी गुलाबी नऊवारीत. सगळे वा वा करतायत आणि बाबा मोबाइल लांब धरून बघत बसलेत. मग म्हणाले, छान आहे रे, पण लुगडं गुलाबी होतं हे याला सांगितलं कोणी?

बाबांनी स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये आयुष्य काढलंय. तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर हाताने रंग भरून द्यायचे, आणि गिऱ्हाईक आलं की पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्यायचे, साडी हिरवी, काठ लाल, टिकली मोठी. कारण निगेटिव्हमध्ये रंग नसतोच. किती उजेड आला एवढंच असतं. अ‍ॅपकडे पाकीट नाही म्हणून ते ठोकून देतं, विषय संपला.

पण अशा ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह आहेत ज्यात रंग खरंच आहे, आणि तेच घेऊन बसायचंय हे मी त्या दिवशी घरी येताना ठरवलं. सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की, रशियन, शिकलेला केमिस्ट. याने एकच दृश्य लागोपाठ तीन वेळा काढलं, निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून, एकाच लांब काचेवर एकाखाली एक. तिन्ही फ्रेम करड्याच. पण निळ्या फिल्टरवाल्या फ्रेममध्ये जिथे जास्त उजेड तिथे निळा जास्त, इतकं सरळ. झार निकोलसने त्याला डार्करूम असलेला रेल्वेचा डबा दिला आणि हा १९०९ पासून १९१५ पर्यंत अख्खं साम्राज्य फिरत फोटो काढत राहिला. पुढे क्रांती झाली, हा देश सोडून गेला, १९४४ ला पॅरिसमध्ये वारला, आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच्या घरच्यांकडून काचा विकत घेतल्या, जवळजवळ १,९०० निगेटिव्ह. सगळ्यांचे स्कॅन आता कोणीही उतरवून घेऊ शकतं.

लायब्ररीने स्वतः २००० च्या आसपास तिन्ही फ्रेम आपापल्या रंगात एकावर एक बसवून शंभरेक रंगीत फोटो हाताने जुळवून घेतले आणि २००४ मध्ये सगळेच सॉफ्टवेअरने. म्हणजे मी काही नवीन करत नाहीये. मला फक्त ते स्वतःच्या हाताने करून बघायचंय, शनिवार-रविवार, जमेल तसं.

१४ सप्टेंबर, रविवार

छोट्या जेपीजीने सुरुवात. पायथनमध्ये (प्रोग्रॅमिंगची भाषा) फाइल उघडली, उंचीला तीनने भागलं, तीन तुकडे केले, एकावर एक ठेवले. अर्ध्या तासात रंगीत फोटो! आकाश नारिंगी आणि माणसांचे चेहरे निळे. आई मागून जाता जाता म्हणाली, कोण गं हे, विष प्यायलेत का?

चूक बाळबोध होती. आपण आरजीबी (रेड, ग्रीन, ब्लू) म्हणतो म्हणून मी वरचा तुकडा लाल धरला. काचेवर क्रम उलटा आहे, वरून निळा, मग हिरवा, मग लाल. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

क्रम बदलल्यावर आकाश आकाशासारखं झालं पण सगळ्याला रंगीत किनार, लग्नपत्रिकेवर छपाई सरकते ना तसं. काच प्रत्येक वेळी थोडी वेगळ्या जागी बसायची, वर माझं तीनने भागणंही ढोबळ. म्हणजे आता हिरवा आणि लाल तुकडा किती सरकवला की निळ्यावर बरोबर बसतो ते शोधायचं. पद्धत अगदी अडाणी, डावी-उजवीकडे आणि वर-खाली १५-१५ पिक्सेलपर्यंत सगळीकडे सरकवून बघा, प्रत्येक वेळी दोन तुकड्यांमधला फरक काढून त्याच्या वर्गांची बेरीज करा, सगळ्यात कमी बेरीज येते ती जागा बरोबर.

१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसला ऐरोलीला जाताना ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडण्यात अर्थ नाही, तेवढ्यात स्टेशन येतं. पण बग सुचला तो ट्रेनमध्येच, दिघ्याच्या आसपास. मी वजाबाकी आठ बिटवाल्या (० ते २५५) आकड्यांवरच करत होते, आणि त्यांना ऋण होता येत नाही, ३ वजा ५ केलं तर उत्तर २५४. म्हणजे जवळजवळ सारखे पिक्सेल मला जमीन-अस्मानाचा फरक दाखवत होते. आधी फ्लोटमध्ये (दशांशवाले आकडे, यांना ऋण होता येतं) बदला मग वजा करा. रात्री येऊन एक ओळ बदलली. दोन संध्याकाळी या एका ओळीने खाल्ल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

तरीही दहातले चार फोटो चुकीचेच जुळत होते, तेही अगदी आत्मविश्वासाने. फोटो मोठा करून बघितला तर कडेच्या काळ्या पट्ट्या एकदम परफेक्ट जुळलेल्या आणि आतलं देऊळ फाटलेलं. बरोबरच आहे, काचेच्या कडेची काळी पट्टी इतकी ठळक की बेरजेत तिचाच आवाज मोठा. शिवाय मी तुकडा सरकवते तेव्हा नंपायच्या (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) ज्या फंक्शनने सरकवते ते एका बाजूने बाहेर पडलेला भाग दुसऱ्या बाजूने आत आणून बसवतं, गोल फिरणाऱ्या पाळण्यासारखं.

उपाय: मोजताना चारी बाजूंचा १५ टक्के भाग सोडून द्यायचा, फक्त मधलं बघायचं. दहापैकी नऊ जुळले.

२१ सप्टेंबर, रविवार

आज कोड एक ओळही नाही लिहिला पण प्रोजेक्टमधला सगळ्यात भारी दिवस.

सर्वपित्रीचं जेवण झाल्यावर बाबांना स्क्रीनवर तीन तुकडे दाखवत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की हा खालचा लाल फिल्टरवाला तुकडा आला कसा? मी म्हटलं कसा म्हणजे, लाल काच लावली आणि काढला. ते म्हणाले, अगं डार्करूममध्ये आम्ही लाल बल्ब लावून बसायचो, का? कारण पेपरला लाल दिसतच नाही, तासभर उघडा ठेवला तरी काळा पडत नाही. जुन्या काचा पण तशाच. मग लाल काचेतून यायला हवी कोरी पाटी.

मी गप्प. इतके दिवस यावर बसलेय आणि हे डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री वाचत बसले. चांदीच्या क्षारांना मुळात दिसतो तो निळा, जांभळा आणि त्याच्याही पलीकडचा अतिनील. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन केमिस्टच्या लक्षात आलं की इमल्शनमध्ये (काचेवरचा चांदीच्या क्षारांचा थर) ठराविक डाय म्हणजे रंगद्रव्य मिसळला तर त्याला हिरवा वगैरेही दिसायला लागतो. मग पुढे चांगले डाय शोधायची शर्यत. बर्लिनचे आडोल्फ मीथे यात पुढे होते आणि आमचे प्रोकुदिन-गोर्स्की १९०२ मध्ये त्यांच्याकडेच शिकायला गेलेले. म्हणजे फिल्टरची आयडिया जुनीच होती, अडलं होतं ते लाल दिसणाऱ्या काचेवर.

आणि जुनी किती, तर जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५५ मध्ये कागदावर मांडलेली आणि १८६१ मध्ये लंडनला करून दाखवलेली, चौकटीच्या कापडाची रिबीन, तीन फिल्टर, पडद्यावर तीन दिवे एकावर एक. पण १८६१ च्या काचेला लाल दिसत नव्हता! मग रिबिनीतला लाल पडद्यावर आला कसा याचा उलगडा व्हायला शंभर वर्षं गेली. १९६१ मध्ये कोडॅकच्या राल्फ इव्हान्सनी दाखवलं की त्या रिबिनीचा लाल डाय अतिनील किरणही परत फेकत असणार, आणि मॅक्सवेलच्या लाल फिल्टरमधून (रंगीत द्रावण होतं ते) अतिनील गळत होता. काचेने पकडला अतिनील आणि पडद्यावर दाखवला लाल. निव्वळ नशीब.

सकाळी चहाला बाबांना सांगितलं. हसले आणि म्हणाले, म्हणजे त्याचाही लाल बल्बच होता. वर हेही म्हणाले की ठाण्यात आगगाडी १८५३ ला आली, म्हणजे जगातल्या पहिल्या कलर फोटोपेक्षा आठ वर्षं आधी. ठाणेकर कुठूनही ठाण्यावर येतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

आता मोठे स्कॅन. सोळा बिटचे टिफ, उंची साडेनऊ हजार पिक्सेलच्या वर, रुंदी पावणेचार हजारच्या आसपास. इथे सरकवायचं अंतरही १०० च्या पुढे जातं. १५० पर्यंत शोधायचं म्हटलं तर ३०१ गुणिले ३०१ म्हणजे ९०,६०१ जागा, आणि प्रत्येक जागी सव्वा कोटीच्या घरात पिक्सेल. गुणाकार करून बघितला, एक लाख कोटी वजाबाक्या. बजेटच्या भाषणातला आकडा वाटतो. तोही एका चॅनेलसाठी, म्हणजे एका रंगाच्या तुकड्यासाठी.

त्यामुळे पिरॅमिड. फोटो अर्धा करा, परत अर्धा, असा पाच वेळा, म्हणजे ३२ पट लहान. तिथे १५० पिक्सेलचं अंतर पाचच्या आत येतं, ते क्षणात सापडतं. मग एक पायरी खाली उतरा, सापडलेलं अंतर दुप्पट करा आणि आजूबाजूला फक्त एक-दोन पिक्सेल शोधा, असं करत तळापर्यंत. आंधळ्याने पायऱ्या चाचपत उतरावं तसं, पण धावत. रात्रभर चालणारं काम मिनिटाच्या आत आलं. लॅपटॉपचा पंखा मात्र गिरणीसारखा ओरडतो.

२८ सप्टेंबर, रविवार

बुखाऱ्याचा अमीर जुळत नाही.

१९११ चा फोटो, अमीर आलीम खान, फुलाफुलांचा गडद निळा झगा, हातात तलवार. प्रोकुदिन-गोर्स्कीचा बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध फोटो हाच, आणि माझ्या प्रोग्रॅमला एकटा हाच नको. कारण कळायला वेळ नाही लागला. झगा निळा, त्यामुळे निळ्या फ्रेममध्ये तो उजळ आणि लाल फ्रेममध्ये जवळपास काळा. आणि मी शोधतेय ‘जिथे फरक कमी’. अरे पण फरक हाच तर रंग आहे! तिन्ही फ्रेम सारख्या असत्या तर फोटो करडाच आला असता. म्हणजे जितका रंगीबेरंगी विषय तितकी माझी पद्धत बावळट.

उजेड किती यावर जाऊच नये, आकार कुठे संपतो ते बघावं. झगा काळा असो की उजळ, त्याची कड त्याच जागी असणार. सोबेल फिल्टर लावून तिन्ही तुकड्यांच्या फक्त कडा काढल्या आणि त्या जुळवल्या. अमीर पहिल्या फटक्यात बसला, झग्यावरची फुलं सुटी सुटी दिसायला लागली, मी खुर्चीतून ओरडले. बाबा म्हणाले एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडायचं यंत्र) आम्ही पण चेहऱ्यावर फोकस नाही करायचो, पापणीवर करायचो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

जुळवणं जमलं तरी एक गोष्ट डोक्यात घोळतेय. हे रंग खरे आहेत का? नोंदवलेले आहेत हे नक्की, आजीच्या लुगड्यासारखे ठोकून दिलेले नाहीत. पण त्याच्या लाल काचेतून नेमकं काय काय जात होतं आणि त्याच्या इमल्शनला त्यातलं किती दिसत होतं हे माझ्यापाशी नाही, आणि अमीराला विचारता येत नाही. मग जे विचारता येतं ते काढावं.

जांभळी नाक्यावर झेंडू घ्यायला गेले तेव्हा बाजूच्या स्टेशनरीतून जिलेटिन पेपर घेतला, कंदिलाला लावतात तोच, लाल हिरवा निळा. फोन ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, समोर दाराचं तोरण. फोनचा सेन्सर स्वतःच कलर म्हणजे ही चीटिंगच, म्हणून रॉ फाइल (सेन्सरचे कच्चे आकडे) घेऊन तिन्ही रंगांची बेरीज करून एकच करडी इमेज बनवली, आता तो प्रोकुदिनच्या काचेइतका अडाणी.

निकाल: तोरण शिळं दिसतंय. झेंडू मळकट, आंब्याची पानं राखाडी. आई म्हणाली ताज्या फुलांचे ऐंशी रुपये दिलेस आणि फोटो निर्माल्याचा काढलास.

५ ऑक्टोबर, रविवार

जिलेटिन पेपर गळका आहे. हिरव्यातून हिरवा जातो पण लालही बऱ्यापैकी जातो, त्यामुळे तिन्ही फ्रेम जवळपास सारख्या येतात आणि रंग मरतो. यावर उपाय स्वस्त निघाला, पेपर दुहेरी घ्यायचा. समजा एका पदरातून हिरवा ८० टक्के आणि नको असलेला लाल ३० टक्के जातोय, तर दोन पदरांतून हिरवा ६४ आणि लाल फक्त ९. तीन पदरांत हिरवा ५१ आणि लाल तीनच्या आत. उजेड कमी होतो तेवढं शटर वाढवा.

सकाळी साडेसहाला तलावपाळीवर. मासुंदा तलाव, कडेची झाडं, बांधलेल्या बोटी. तीन पदरी पेपर पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये लावलेला, एका मागून एक समोर धरायचा. तीन जणांनी थांबून विचारलं काय चाललंय, एका काकांनी ग्रहण आहे का विचारलं.

झाडं हिरवी आली! बोटी बरोबर. पाणी मात्र वेडं, प्रत्येक लाटेवर इंद्रधनुष्य, कारण तीन फ्रेममध्ये लाटा तीन जागी. प्रोकुदिनच्या नद्यांवर अगदी हेच दिसतं. पण मजा रस्त्याच्या बाजूला होती, एक रिक्षा नेमकी शूट चालू असताना हळू हळू पुढे सरकत होती आणि फोटोत तिच्या तीन रिक्षा झाल्या. मला वाटलेलं लाल, हिरवी, निळी दिसेल. नाही. उजळ रस्त्यावर काळपट वस्तू, म्हणजे जिथे ती होती तिथून तो एक रंग वजा होतो, लाल फ्रेमवाली रिक्षा आकाशी, हिरवीवाली गुलाबी-जांभळी, निळीवाली पिवळी. प्रिंटरची शाई. काळ्या भिंतीसमोरून पांढऱ्या शर्टातला माणूस गेला असता तर तो लाल हिरवा निळा झाला असता.

ही भुतं काढून टाकता येतील का बघितलं. ज्या पिक्सेलला एकच चॅनेल बाकी दोघांशी फटकून वागतोय तिथे शेजारून रंग उचलायचा. जमतं, पण झेंडूही त्यात जातो कारण झेंडूही फटकूनच वागतो. सोडून दिलं. रिक्षा राहू दे.

१२ ऑक्टोबर, रविवार

पेंटच्या दुकानातलं शेड कार्ड आणलं, घराला रंग काढायचाय असं खोटं सांगून. त्यातले २४ चौकोन तीन पदरी पेपरमधून काढले आणि तेच फोनने साधेही काढले. मग ९ आकड्यांचं एक मॅट्रिक्स, माझ्या गळक्या लाल-हिरव्या-निळ्याचं खऱ्यात भाषांतर करणारं, लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असं) काढलं. रॉ आकड्यांवरच करायचं, जेपीजीवर केलं तर गॅमामुळे, म्हणजे त्यात उजेडाचे आकडे आधीच वाकवून ठेवलेले असतात त्यामुळे, सगळं वाकडं होतं (हो, आधी केलं). बरेच चौकोन नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही इतके जवळ आले. जांभळे मात्र अजून हट्टी.

अमीराच्या मांडीवर शेड कार्ड नव्हतं त्यामुळे त्याच्या फोटोला हे लागू नाही. तिथे मी सगळा फोटो सरासरीला करडा धरून बॅलन्स केला, तेही अंदाजानेच, हिरवळीचा फोटो असला की ते फसतं. शेवटी स्लायडर हाताने हलवला आणि थांबले जिथे मला बरं वाटलं. बाबांना म्हटलं, बघा, परत पाकिटावर आलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची साफसफाई, प्रोजेक्ट बंद. माळ्यावरच्या पेटीत स्टुडिओची पाकिटं निघाली आणि त्यात आई-बाबांच्या लग्नाचा फोटो, १९८३, बाबांनी स्वतः हाताने रंगवलेला. पाकिटावर त्यांच्याच अक्षरात, ‘शालू हिरवा’.

आई म्हणाली, हिरवा कुठला, मोरपंखी आहे. बेचाळीस वर्षं सांगतेय.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

शालू अजून आहे. आई नेसून खिडकीपाशी खुर्चीवर बसली, बाबा पुठ्ठ्याच्या फ्रेम बदलणार, मी फोनवर. बाबांनी दहा मिनिटं नुसता उजेड बघितला, पडदा अर्धा ओढला, आईला म्हणाले हनुवटी जरा खाली. मांडीवर शेड कार्ड ठेवलं, त्यावर आई म्हणाली हे काय पाडव्याला.

तीन फ्रेम, जुळणी, मॅट्रिक्स. आईचा चेहरा इतका बरोबर आला की मी घाबरलेच. शालू: खांद्यावर निळा, मांडीवर हिरवा, घड्यांमध्ये मधलंच काहीतरी. तासभर कोडमध्ये बग शोधला. मग आईने पदर हातात घेऊन उजेडात फिरवून दाखवला, उभा धागा निळा, आडवा हिरवा, इकडून बघितलं की एक आणि तिकडून बघितलं की दुसरा. धूपछांव म्हणतात याला, तुला इतकं शिकवून काय उपयोग.

बाबा लगेच, म्हणजे हिरवा चूक नव्हता. आई म्हणाली अर्धा चूक होता.

पदराच्या टोकाला मात्र गुलाबी, पिवळी, आकाशी किनार आलीये, रिक्षासारखी. तिथे ना धाग्याचा प्रश्न ना मॅट्रिक्सचा. बाबांनी प्रिंट मागून घेतली, माळ्यावरचंच एक कोरं पाकीट काढलं, त्यात घातली आणि वर पेन्सिलीने लिहिलं:

‘शालू मोरपंखी. परत काढणे. पंखा बंद.’